राहिलेला अनुस्वार

सर, अनुस्वार राहिला.

म्हणाल, माणूस जाऊन आठवडा उलटला आणि बाईंना अनुस्वाराची पडलीय. पण काय करू? नोकरी संपेपर्यंत मराठी शिकवलं, तुमच्या टिपणांवर लाल पेन चालवलं आणि दर वेळी तेच कोकलत आले, 'मला वाटत नव्हे हो सर, मला वाटतं! त-वर अनुस्वार द्या!' तुम्ही म्हणायचात, 'अर्थ कळला ना, बाई? मग झालं.' मी म्हणायचे, 'एक दिवस नाही कळणार, तेव्हा बसाल डोक्याला हात लावून.' तो दिवस आला. डोक्याला हात लावून मात्र मी बसलेय.

उद्या तुमचा दहावा. आज सकाळी सुलभावहिनींचा फोन आला, 'साळवेबाई, संध्याकाळच्या आत एकदा येऊन जाल का? गुरुजींना कळवायचंय, उद्या रामकुंडावर यायचं की नाही.' गुरुजींना काय कळवायचं हे माझ्यावर का अवलंबून आहे, असं मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं. शेवटच्या दुपारी आयसीयूत तुमच्याजवळ मी होते आणि तुम्ही माझ्या तळहातावर बोटाने काहीतरी लिहीत होतात, हे नर्सने वहिनींना सांगितलं होतं. 'देवाचं काहीतरी होतं म्हणे,' वहिनी म्हणाल्या. देवाचं काय, एवढंच त्यांना हवं होतं. म्हणजे सर, ज्या प्रश्नावर आपण उभा जन्म भांडलो, त्याचं उत्तर आता तुमच्या बायकोला माझ्याकडून हवं होतं, तेही संध्याकाळच्या आत.

फार राग आलाय मला तुमचा. आधी तो सांगून टाकते, मग बाकीचं.

आपली ओळखच मुळी भांडणातून झाली. मी कॉलेजात नवीन लागले होते. स्टाफरूममध्ये कोपऱ्यातल्या खुर्चीत तुम्ही, देवधरसर, तत्त्वज्ञानाचे. आडनाव देवधर आणि माणूस पक्का नास्तिक, म्हणून पोरं तुम्हाला मागे 'देव न धर' म्हणायची आणि तुम्हाला ते ठाऊक होतं. चहा घेता घेता दुसऱ्या दिवशीचा तास मोठ्याने बोलून बघायची तुमची सवय. विषय होता धर्माच्या तत्त्वज्ञानातल्या व्याख्या, कुणाला काय म्हणायचं. तुम्ही सांगत होतात, 'जुन्या अर्थाने नास्तिक म्हणजे देव न मानणारा नव्हे, वेद न मानणारा. म्हणून सांख्य देवाशिवाय चालवतात तरी आस्तिक, आणि जैन, बौद्ध नास्तिक.' मग माझ्याकडे वळून अगदी कौतुकाने म्हणालात, 'म्हणजे बघा साळवेबाई, तुम्ही व्याख्येनेच नास्तिक!'

मी कप खाली ठेवला. नवी नोकरी, समोर वयाने मोठा माणूस, पण माझी जीभ तेव्हाही अशीच. 'कोणाच्या व्याख्येने, सर? माझे आजोबा मनमाडला रेल्वेत खलाशी होते, साधे मजूर. त्यांनी धम्म घेतला. तुमचे वेद त्यांना कुणी वाचायला दिले होते का? मग ते मानायचे की नाही मानायचे हा प्रश्न आलाच कुठे? ज्या घरात कधी घेतलंच नाही, त्या घरातून आम्ही बाहेर पडलो असं कसं म्हणता? मी काय मानते ते विचारा. काय मानत नाही त्यावरून कशाला? तुम्ही मला नाव ठेवताय की नावं ठेवताय?'

मला वाटलं, संपली आपली नोकरी. तुम्ही चष्मा काढून पुसलात, परत घातलात आणि म्हणालात, 'नाव आणि नावं. एका टिंबाचा फरक. बाई, तुम्हाला मानलं.'

दुसऱ्या दिवशी तुम्ही फळ्यावर 'नास्तिक' लिहून त्याच्या खाली 'हे नाव कोणी ठेवलं?' असा प्रश्न लिहिलात, आणि अख्खा तास त्यावरच घेतलात. हे मला मुलांनी सांगितलं. तुम्ही स्वतः येऊन माफीबिफी मागितली नाहीत, बरं झालं, मला अवघडल्यासारखं झालं असतं. फक्त तेव्हापासून दर वर्षी तो धडा आला की तुम्ही टिपण घेऊन माझ्याकडे यायचात, 'बाई, जरा शब्द तपासून द्या.' सुरुवातीला मला वाटायचं, शुद्धलेखनासाठी. नंतर कळलं, तुम्हाला भांडायला कुणीतरी हवं होतं.

आणि काय काय भांडलो हो आपण. श्रद्धा आणि विश्वास यांत फरक काय? मी म्हटलं, रिक्षावाल्यावर विश्वास असतो, श्रद्धा नसते. तुम्ही म्हणालात, तुम्ही सातपूरच्या रिक्षावाल्यांच्या रिक्षात बसला नाहीत, तिथे श्रद्धाच लागते. 'मानणं' या क्रियापदाने तर तुम्हाला छळलं. 'देव मानतो' आणि 'बाई, तुम्हाला मानलं', एकाच शब्दात असणंही येतं, आदरही येतो आणि ऐकणंही येतं, मग व्याख्या करायची कशी? तुम्ही मराठीवर चिडायचात. जशी काही मीच ती भाषा बनवली होती.

तुमचा सगळ्यात लाडका खेळ दोन वाक्यांचा. 'देव आहे असं मी मानत नाही' आणि 'देव नाही असं मी मानतो.' मी म्हणायचे, एकच आहे. बाजारात उभं राहून विचारा कुणालाही. 'पाऊस येईल असं वाटत नाही' आणि 'पाऊस येणार नाही असं वाटतं', छत्री दोघंही घरीच ठेवतात. तुम्ही हवेत हात उडवायचात. 'जमीनअस्मानाचा फरक आहे, बाई! पहिला म्हणतोय, माझ्यापाशी ती श्रद्धा नाही. दुसरा म्हणतोय, माझ्यापाशी श्रद्धा आहे, फक्त उलटी. पहिल्याने काही सिद्ध करायचं नाही. दुसऱ्याला करावं लागेल. मी पहिल्या वाक्यात राहतो. मला दुसऱ्या वाक्यात नेऊन बसवू नका.' मी म्हणायचे, वाक्यात कसले राहता, गंगापूर रोडला राहता.

पण घरी गेल्यावर भाजी निवडताना ती दोन वाक्यं माझ्या डोक्यात फिरत राहायची. 'नाही' इकडे ठेवला तर काय होतं, तिकडे ठेवला तर काय होतं. हे ऋण आहे तुमचं, सर. रोज वापरायची भाषा मी तुमच्यामुळे परत एकदा शिकले.

घोटीचा तो मुलगा आठवतो? भाताच्या गिरणीवर काम करून कॉलेजला यायचा. तुम्ही वर्गात विचारलंत, कोण काय मानतं, फळ्यावर लिहू. तो उभा राहिला, 'सर, आमच्या घरी समदे करत्यात म्हनून मी बी करतो. देव हाय का नाय, ह्याचा मी कधी इचारच केला नाय. मला कुठं लिवता?' तुम्ही खडू हातात घेऊन उभेच राहिलात. तास संपल्यावर स्टाफरूममध्ये माझ्याकडे आलात. म्हणालात, एका व्याख्येने तोही नास्तिकच, श्रद्धा नाही ना, मग झालं. कँटीनचा समोसा तुमच्या हातात होता. मी म्हटलं, 'मग हा समोसाही नास्तिक. त्याची तरी कुठे श्रद्धा आहे?' तुम्ही समोसा खाली ठेवलात. 'विचार करायला पाहिजे,' म्हणालात. मग परत उचलून खाल्लात.

त्या मुलासाठी आणि त्याच्यासारख्या सगळ्यांसाठी तुम्हाला शब्द हवा होता. हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही, त्याला माहीत नाही, अशा माणसासाठी. 'अज्ञेयवादी' पुस्तकात आहे, पण तो मला पसंत नव्हता. अज्ञेय म्हणजे जे कधी कळूच शकत नाही. ज्याला नुसतं अजून कळलेलं नाही, त्या बिचाऱ्याला एवढा मोठा शब्द कशाला? तुम्ही म्हणालात, मग तुम्ही द्या, मराठीच्या बाई ना तुम्ही. मी 'साशंक' दिला. तुम्ही म्हणालात, त्याला शंका कुठे आहे, त्याला माहीत नाही. 'अनिश्चित' दिला. म्हणालात, तो हवामानासाठी ठेवा. शेवटी वैतागून मी म्हटलं, 'ज्याला धड हो म्हणवत नाही आणि नाही म्हणायची छाती नाही, तो तळ्यात-मळ्यात! लिहा टिपणात, तळ्यातमळ्यातवादी.'

तेव्हा तुम्ही खरोखर चिडलात. इतक्या वर्षांत मी तुम्हाला तसं चिडलेलं बघितलं नव्हतं. 'माहीत नाही म्हणायलाच छाती लागते, बाई. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, पाठीशी माणसं उभी असतात. माहीत नाही म्हणणाऱ्याच्या पाठीशी कोण असतं? माहीत नसेल तेव्हा माहीत नाही म्हणा, एवढं जरी मी पोरांना शिकवू शकलो तरी पगार हलाल झाला.' पण पटलं नव्हतं मला, आज सांगते. मला वाटायचं, तुम्ही स्वतः तर ठाम आहात, मग त्या कुंपणावरच्या माणसांची बाजू कशाला घेता?

आणि वर तुमची खोडी. माझ्या तोंडात 'देव जाणे' बसलेलं. बस कधी येईल, देव जाणे. पेपर कधी तपासून होतील, देव जाणे. आमच्या आईच्या तोंडातून आलेला शब्द, बुद्ध वंदना म्हणणारी आई, तीही म्हणायची. तुम्ही बोट वर करून, डोळे बारीक करून म्हणायचात, 'बाई, ज्यांच्या घरी देव नाही त्यांनी देवाला कामाला लावू नये.' दर वेळी. अगदी दर वेळी, इतक्या वर्षांत एकदाही न चुकता. मी म्हणायचे, अहो बोलायची पद्धत आहे. तुम्ही म्हणायचात, पद्धतीतच सगळं असतं.

तुम्ही मात्र रोज सकाळी फिरून येताना वहिनींच्या पूजेसाठी फुलं आणायचात. जास्वंद मिळाली नाही तर दुसऱ्या गल्लीत जाऊन शोधायचात. मी एकदा पकडलं तुम्हाला, 'सर, देव न मानणारा माणूस देवाला फुलं नेतो, हे तुमच्या कोणत्या रकान्यात?' तुम्ही म्हणालात, 'हे नवऱ्याच्या रकान्यात.'

आता त्या वचनाकडे येते. टाळत होते.

आपल्या भूगोलाच्या सरांच्या शोकसभेहून आपण परत चाललो होतो. ते गृहस्थ जन्मभर देव नाही, देव नाही म्हणत आले आणि स्टेजवरच्या पाहुण्याने गळा काढून सांगितलं, 'वरून नास्तिक असले तरी आतून फार श्रद्धाळू होते.' लोकांनी माना डोलावल्या. तुम्ही बसस्टॉपपर्यंत पुढे ताडताड चालत होतात. मग म्हणालात, 'मेलेल्या माणसाला उलटून बोलता येत नाही म्हणून काहीही करायचं का त्याचं? बाई, मी गेल्यावर मला कोणी आस्तिक करू नये, एवढं बघा.' मी म्हटलं, 'बघते. आणि मी आधी गेले तर मला कोणी नास्तिक म्हणू देऊ नका. मी बौद्ध आहे, तेवढंच म्हणायचं.' तुम्ही म्हणालात, 'कबूल.' बस आली, तुम्ही चढलात. एवढंच झालं.

तुमचा भाग तुम्हाला करावाच लागला नाही. माझा करायची वेळ आली.

त्या दुपारी आत एकालाच सोडत होते. वहिनी खाली औषधं आणायला गेल्या होत्या, म्हणून मी आत आले. तोंडावर तो मोठा मास्क, बोलायची बंदी. तुम्ही इतके बारीक दिसत होतात की क्षणभर मला वाटलं, चुकीच्या कॉटपाशी आले. काय बोलावं सुचेना, म्हणून बोलले, 'डॉक्टर म्हणतात सुधारणा आहे. आता वॉर्डात कधी हलवतात, देव जाणे.'

तुमचे डोळे बारीक झाले. बोट वर आलं, चादरीवरून जेमतेम वीतभर. मला हसू आलं आणि रडूही. मग ते बोट चादरीवर लिहायला लागलं. पर्स बाहेर ठेवायला लावली होती, कागद नाही, पेन नाही. मी माझा हात पुढे केला. इतक्या वर्षांच्या ओळखीत आपण नमस्काराच्या पुढे कधी गेलो नव्हतो, सर. तुमचं बोट गार होतं.

मी मोठ्याने ओळखत गेले. 'दे... देव?' तुम्ही मान हलवलीत. 'आहे?' मान. पुढचं अक्षर अर्धंच झालं होतं आणि मी म्हटलं, 'असं?' मान. 'मला?' मान. माझी खोड, दुसऱ्याचं वाक्य संपायच्या आत आपण पूर्ण करायचं. निदान तेव्हा तरी गप्प बसायला हवं होतं मी. मग 'वा'. मग 'ट'. मग 'त'. इथे मात्र मी थांबले. ओळखलं नाही. तुमचं बोट उचललं गेलं आणि परत एकदा तळहातावर टेकलं. नुसतं टेकलं.

'मॅडम, राउंड आहे, बाहेर व्हा,' नर्स म्हणाली. तिचं काही चुकलं नाही. मी तुमचा हात चादरीखाली ठेवला आणि म्हटलं, 'उद्या येते, तेव्हा वाक्य पूर्ण करा.' तुम्ही डोळे मिटलेत. दुसऱ्या दिवशी मी निघायच्या आतच फोन आला.

तेव्हापासून हेच चाललंय. ते टेकलेलं बोट म्हणजे काय? अनुस्वार असेल, तर वाक्य झालं, 'देव आहे असं मला वाटतं.' 'नाही'चा 'ना' सुरू करत असाल, तर बरोबर उलटं. की थकून नुसतं बोट पडलं? की पूर्णविराम दिलात, तुमच्या नेहमीच्या अशुद्धलेखनात, अनुस्वार गाळून? तुम्ही माझ्या 'देव जाणे'ला तीच जुनी खोडी काढत असाल, 'देव आहे असं मला वाटत नाही, बाई, मग तो जाणेल कसा?' मी स्वतःला हेच समजावते. हेच असणार. डोळे तर तसेच बारीक केले होतेत. पण शेवटी शेवटी, 'वाटत' लिहिताना, डोळे तसे नव्हते. माझ्याकडे बघतही नव्हतात तुम्ही. छताकडे बघत होतात. हे मी कुणाला सांगितलं नाही, तुम्हालाच सांगतेय.

एखाद्या भाषेत नकार आधी येत असेल, तिथल्या माणसांना निदान कळत असेल, समोरचा कुठे चाललाय ते. आपली मराठी शेवटपर्यंत थांबायला लावते. हे मी वर्गात किती मजेत शिकवत होते.

तर आज तुमच्या घरी गेले. खोटं बोलायची तयारी करूनच रिक्षात बसले होते. 'नाही म्हणाले' असं सांगायचं, एका शब्दाचं काम. वचन पाळलं जाईल, कोणी तुम्हाला आस्तिक करणार नाही, तुम्ही आयुष्यभर ज्या वाक्यात राहिलात त्याच वाक्यात राहाल. रस्ताभर मी तो शब्द तोंडात घोळवत होते.

वहिनींनी दार उघडलं. सुतक असल्यामुळे देवघराचा पडदा ओढलेला. तुमची चप्पल अजून दाराशीच. पुण्याहून आलेले तुमचे भाऊ आत झोपले होते. त्यांचं म्हणणं, सगळं रीतसर झालं पाहिजे, दादाला मुक्ती मिळाली पाहिजे. वहिनींनी मला स्वयंपाकघरात नेलं, चहा टाकला आणि पाठमोऱ्याच बोलल्या.

'बाई, मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका. त्यांना नको असेल, तर मी भाऊजींना तोंडावर सांगीन, करायचं नाही. हवं असेल, तर सगळं साग्रसंगीत करीन. पण माझ्या मनाने ठरवून त्यांच्यावर काही लादणार नाही. जन्मभर नाही लादलं. आता तर त्यांना उठून भांडायलाही येणार नाही.'

म्हणजे बघा सर, बसस्टॉपवर तुम्ही जे मला सांगितलंत, ते या बाईला न सांगताच कळत होतं. मी उगाच पहारा करत बसले होते.

माझ्या तोंडातला शब्द तोंडातच राहिला. मी सगळं सांगितलं. मास्क, चादर, 'देव', 'आहे', माझं मध्येमध्ये ओळखणं, ते 'वाटत', ते टेकलेलं बोट. आणि वेड्यासारखा तळहात पुढे केला. वहिनींनीही तो खिडकीच्या उजेडात धरून बघितला. चहा उतू गेला, कुणी गॅस बंद केला नाही.

'मग काय, बाई?' त्यांनी विचारलं. 'वाटतं, की वाटत नाही?'

मी खरंच उत्तर शोधत होते. तुमचा चेहरा आठवत होते, बोट आठवत होते, छत आठवत होते. आणि तोंडातून निघून गेलं,

'देव जाणे.'

तुमची ती खोडी तुम्ही घरीही सांगायचात, हे मला ठाऊक नव्हतं. वहिनींनी तोंडाला पदर लावला आणि त्या हसल्या, खुदकन, पोरीसारख्या. मग ते हसू कधी फिरलं कळलंच नाही. ओट्याला धरून रडल्या. मीही रडले. तुम्ही गेल्यापासून माझ्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं, ते आज आलं.

डोळे पुसून त्यांनी गुरुजींना फोन लावला. 'गुरुजी, उद्याचं राहू दे... नाही, नको म्हणाले असं नाही. हवं म्हणाले असंही नाही. आम्हाला माहीत नाही.' पलीकडून गुरुजी बरंच काही बोलत असावेत. वहिनी ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, 'हो हो, कळल्यावर करू ना.' आणि फोन ठेवला. आतल्या खोलीत भाऊजी उठल्याचा आवाज आला. वहिनींनी पदर खोचला. 'यांना मी बघते,' म्हणाल्या.

तुम्ही म्हणायचात, माहीत नाही म्हणणाऱ्याच्या पाठीशी कोणी नसतं. आज तुमच्या स्वयंपाकघरात दोघी होतो. मला तेव्हा पटलं नव्हतं, आज पटलं. पण पटून बरं वाटलं, असं नका समजू. फार वाईट वाटतं. ठाम माणसांना झोप लागते.

दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा वहिनी म्हणाल्या, 'सकाळी मी गंगेवर, आपल्या गोदेवर जाऊन येणार, माझी मी. हात जोडीन आणि येईन. त्यात ते नाहीत. याल?' मी म्हटलं, येईन, पायऱ्यांवर उभी राहीन. मग त्या चपलेकडे बघून हळूच म्हणाल्या, 'सुतक फिटलं की पूजा सुरू होईल हो. फुलं कोण आणणार?' परवा सकाळी फिरायला त्या बाजूने जाईन म्हणते. मला कोणत्या रकान्यात टाकायचं, ते तुम्ही बघा.

तर सर, वचन पाळलं. तुम्हाला कोणी आस्तिक केलं नाही. मी नास्तिकही करू दिलं नाही, ते तुम्ही मागितलं नव्हतंत, पण माझ्याच्याने झालं नाही. तुम्हाला हवा असलेला शब्द मी शेवटपर्यंत देऊ शकले नाही, त्याबद्दल हवं तर रागवा. आता तुमच्या-माझ्यात एकच गोष्ट राहिली. वहिनींना सांगणार नाही, भाऊजींना सांगणार नाही, शोकसभेत कोणी बोलायला उभं केलं तरी सांगणार नाही. तळहात समोर धरून बसलेय. त्यावर काही नाही, रेषा आहेत नुसत्या.

अनुस्वार होता, की 'ना' होता?

सांगा ना, सर.